'मा रेवा' गाताना मणिबेलीचं नाव घ्या

प्रति,
राहुल राम, अमित किलम आणि 'इंडियन ओशन' बँडचे सर्व सहकारी



तुमच्या कार्यक्रमानंतर श्रोत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. राहुल राम गाण्याच्या आधी माइक हातात घेतात, गाणं कुठून आलं ते सांगतात, बोलता बोलता धरण, जंगल, सरकार, धर्माच्या नावानं होणारी भांडणं इथवर पोचतात. सभागृहातला एक भाग टाळ्या वाजवतो. दुसरा भाग कुरकुरतो, 'गाणं वाजवा की राव, भाषण कशाला?' पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली जळगाव-धुळ्याची मुलं हा वाद सोबत घेऊन घरी येतात. 'कांदिसा' त्यांना पाठ असतं, 'बंदे' तर असतंच असतं, आणि तरीही त्यांच्यातली निम्मी म्हणतात की या माणसांनी राजकारण सोडून फक्त वाजवावं.

हे पत्र तुम्हाला आहे, पण त्या मुलांनीही ते वाचावं असं वाटतं. या वादाचं एक टोक त्यांच्या स्वतःच्या खानदेशात आहे आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

'मा रेवा' हे तुमचं गाणं 2000 साली 'कांदिसा' या अल्बममधून घराघरांत गेलं. रेवा म्हणजे नर्मदा. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, खोऱ्यात राहत होते, आणि हे गाणं तिथल्या लोकांच्या तोंडून त्यांनी उचललं. नदी तीन राज्यांची, त्यामुळे गाणं अमुकच गावाचं असा हक्क कुणी सांगू नये. पण त्या काळात महाराष्ट्राच्या वाट्याची नर्मदा कुठल्या जिल्ह्यात होती? धुळे जिल्ह्यात. नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. त्याआधी अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन्ही तालुके धुळ्याचे होते आणि सरदार सरोवरात जाणारी महाराष्ट्रातली सगळी 33 गावं याच दोन तालुक्यांतली होती. मणिबेली त्यातलं पहिलं. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचं, म्हणून पाण्याखाली जाण्याची पाळीही पहिली त्याचीच.

धुळ्याच्या कलेक्टर कचेरीसमोर त्या वर्षांत सातपुड्यातली माणसं धरणं धरून बसायची. डोंगर उतरून, मिळेल त्या वाहनानं शहाद्याला आणि तिथून धुळ्याला. बायका, तान्ही पोरं, सोबत भाकरीची गाठोडी. मागणी काय, तर जमीन दाखवा, सातबारा दाखवा, मग उठवा. आंदोलनाचं एक कार्यालयही धुळ्यातच होतं. 1992 च्या जूनमध्ये जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं पुनर्वसनाच्या कामावर कडक ताशेरे ओढले, मार्च 1993 मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. एवढी मोठी संस्था मागे हटली त्यामागे मणिबेलीसारख्या गावांनी दिलेला नकार होता. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला चिंचखेडीत सर्वेक्षणाच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल पुन्या वसावे हा किशोरवयीन मुलगा गेला. धुळे जिल्ह्याचा मुलगा. आज धुळ्यातल्या किती कॉलेजांत हे नाव ठाऊक आहे?

ज्या वर्षी 'मा रेवा' बाहेर आलं त्याच वर्षी, 18 ऑक्टोबर 2000 ला, सर्वोच्च न्यायालयानं धरणाचं काम पुढे नेण्यास परवानगी दिली. निकाल दोन विरुद्ध एक असा होता. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळं मत नोंदवलं. म्हणजे हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये ज्या नदीचं गाणं कॅसेटवर फिरत होतं, तिच्या काठची घरं कायद्याच्या भाषेत तेव्हाच निकालात निघत होती. गाणं आणि निकाल एकाच वर्षाचे आहेत हे श्रोत्याला कळलं तर गाण्याचा आनंद कमी होतो का? होत नाही. उलट त्या ठेक्याच्या खाली काय चाललंय ते ऐकू यायला लागतं.

'आधी तुम्ही फक्त संगीत करायचात, आता राजकारण घुसलं,' असंही काही जुने चाहते म्हणतात. त्यांना इतिहासच दाखवायला हवा. 'इंडियन ओशन' 1990 साली उभा राहिला. तुमचा दुसरा अल्बम 'डेझर्ट रेन' कुठे ध्वनिमुद्रित झाला? 1 जानेवारी 1997 ला दिल्लीत, सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी 'सहमत' या संस्थेनं भरवलेल्या कार्यक्रमात, थेट मंचावरून. सफदरवर हल्ला झाला तो 1 जानेवारी 1989 ला, कामगार वस्तीत पथनाट्य चालू असताना. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या दिवसाच्या आठवणीत जमलेल्या गर्दीपुढे वाजवलेलं संगीत म्हणजे 'डेझर्ट रेन'. त्यातल्या बहुतेक भागात शब्दही नाहीत. 'हिल्ले ले' गोरख पांडेंच्या भोजपुरी रचनेवरून आलं, आणि गोरख पांडे हे जनआंदोलनांचे कवी. 'चीतू' अलिराजपूरकडच्या भिलालांच्या बंडखोर नायकाचं. 'बंदे' ज्या 'ब्लॅक फ्रायडे'तलं आहे तो चित्रपट मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यामुळे न्यायालयात अडकला आणि 2007 मध्ये पडद्यावर आला. या यादीतलं कुठलं गाणं राजकारण वगळून शिल्लक राहतं, हे त्या चाहत्यांनी एकदा स्वतःच तपासावं.

जगभर हा तंटा चालू आहे. पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स ऑक्टोबर 2018 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत वाजवत होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ऐन रंगात. पडद्यावर बोल्सोनारोंच्या विरोधातली घोषणा झळकली आणि स्टेडियम दुभंगलं. अर्धे लोक आरोळ्या ठोकत होते, अर्धे हुर्यो उडवत होते. गाणी मात्र दोघांनाही तोंडपाठ. 2023 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला त्यांचा कार्यक्रम रद्द करायचा प्रयत्न झाला, तेव्हा न्यायालयानं कार्यक्रम होऊ द्या असं सांगितलं. त्याच दौऱ्यात वॉटर्स सुरुवातीलाच जाहीर करायचे की ज्यांना पिंक फ्लॉइड आवडतं पण रॉजरचं राजकारण सहन होत नाही त्यांनी सरळ बारमध्ये जाऊन बसावं.

आपल्याकडे याची किंमत चित्रपटानंही मोजली. 2006 च्या एप्रिलमध्ये आमिर खान नर्मदा आंदोलनाच्या धरण्यावर जाऊन बसला, पुढच्याच महिन्यात त्याचा 'फना' गुजरातच्या चित्रपटगृहांत लागू शकला नाही. तो चित्रपट नर्मदेवर नव्हता. नट पडद्याबाहेर विस्थापितांच्या पुनर्वसनाबद्दल दोन वाक्यं बोलला, एवढंच. आणि त्याहून कितीतरी मोठी किंमत आपल्या राज्यातल्या शाहिरांनी दिली. पुण्याच्या कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल 2013 मध्ये विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. आरोप माओवाद्यांशी संबंधांचा, तो त्यांनी नाकारला. शीतल तेव्हा गरोदर होती, तिला काही महिन्यांत जामीन मिळाला. सचिन माळी आणि मंचाचेच सागर गोरखे, रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी 2017 उजाडलं. 2020 मध्ये यातले दोघे एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा आत गेले. डफ-ढोलकीवाल्यांच्या बाबतीत 'राजकारण नको' ही रसिकांची तक्रार राहत नाही, ती पोलिसांच्या कागदावर जाते. गिटारवाल्यांना तुलनेनं पुष्कळ मोकळीक आहे, आणि मोकळीक ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं जास्त बोलावं अशी अपेक्षा धरणं चुकीचं नाही.

वॉटर्सचा मार्ग मात्र तुम्ही घेऊ नये. श्रोत्याला दाराबाहेर काढणं ही या मातीची रीत नाही. सत्यशोधकांनी जलसे काढले तेव्हा तमाशाचा साचा तसाच ठेवला, आतला मजकूर बदलला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं 1944 पासून तेच केलं. गणेशवंदनेच्या जागी कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन आलं, पण सोंगाड्या तोच, बतावणी तीच, हसवणं तेच. माणूस आधी खुर्चीत रमला पाहिजे, मग त्याच्याशी भांडता येतं. आंबेडकरी जलसेही असेच खेडोपाडी गेले. न पटणारा माणूस समोर बसलेला असणं ही त्या सगळ्यांची गरज होती. पटलेल्यांपुढेच गायचं असेल तर फड कशाला बांधायचा?

खानदेशात तर गाणं आणि राजकारण वेगळं काढणं सरकारलाही कधी जमलेलं नाही. 1930 च्या दशकाच्या शेवटी तळोदा तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांनी सामुदायिक आरती सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप की जय' म्हणा. हजारो आदिवासी डोंगरातून आरतीला यायला लागले. त्यात घोषणा नव्हत्या, मोर्चा नव्हता. पण दारू सुटली की गुत्तेवाला बुडतो आणि माणसं एकत्र आली की सावकाराला धास्ती वाटते. आरतीला जमणाऱ्या त्या गर्दीची प्रशासनाला काळजी वाटू लागली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं झाली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. प्रवचन करणारा कैदी, लिहून घेणारा कैदी, ऐकणारेही कैदी. 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा गुरुजी गावोगाव फिरून माणसं जमवत होते. पुढे 1972 ला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. सालदार, मजूर, जमीन हिसकावलेले भिल्ल, त्यांच्या मोर्चात भाषणांइतकीच गाणी असायची. त्या चळवळीचे अंबरसिंग महाराज हे तर भजनातूनच लोकांपर्यंत पोचलेले. हा सगळा पट पाहिला की 'गाण्यात राजकारण नको' ही मागणी सातपुड्याच्या पायथ्याशी बसून करणं फार अवघड होतं.

तरीही कुरकुरणाऱ्या श्रोत्याचं एक म्हणणं खरं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. मंचावरून दुसऱ्याच्या दुःखावर बोलणं सोपं असतं. टाळ्या मिळतात, बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही आपण योग्य बाजूला आहोत असं वाटतं आणि सगळे जेवायला जातात. ही तक्रार फार धारदारपणे केली ती शहाद्याच्याच एका माणसानं. वाहरू सोनवणे. भिल्ल समाजातले, श्रमिक संघटनेतून घडलेले कवी. 'स्टेज' नावाची त्यांची कविता आहे. ज्यांचं दुःख सांगितलं जातंय ते खाली बसलेले, सांगणारे वर, हा त्या कवितेचा विषय. ती विरोधकांसाठी नव्हती. ती आपल्याच बाजूच्या, चांगल्या मनाच्या कार्यकर्त्यांसाठी होती. म्हणून ती आजही झोंबते.

तुमच्या बँडला ती लागू पडते का? थोडी पडते, असं स्पष्ट म्हणायला हवं. राहुल राम यांनी खोऱ्यात वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं उसनं नाही. पण 'मा रेवा' पंचवीस वर्षं वाजतंय, आणि ते गाणं ज्यांच्या काठावरून आलं त्यातला एखादा गायक तुमच्या शेजारी माइकपुढे उभा आहे, असं चित्र श्रोत्याच्या डोळ्यांपुढे सहज येत नाही. वाद 'मंचावर राजकारण असावं की नसावं' इथे अडकून पडलाय. तो 'मंचावर कोण असावं' इथे सरकवता आला तर दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना नवीन काही ऐकायला मिळेल.

आणि गाणारे आहेत. अक्कलकुवा तालुक्यात काठी संस्थानच्या राजवाडी होळीला कधी गेलात तर दिसेल. रात्रभर माणसं येत राहतात, गावागावाचा ढोल वेगळा, एकेक ढोल इतका मोठा की गळ्यात अडकवणाऱ्याचं पोट त्यामागे दिसत नाही. सोंग घेऊन नाचणाऱ्या बुध्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. नाचताना भोपळ्यांचा खडखड आवाज ठेक्यात मिसळतो. पावरीचा सूर त्या सगळ्यावरून तरंगत जातो. उंच बांबूभोवती रचलेली होळी पेटते ती पहाटे. ध्वनिक्षेपकाशिवाय, वीज नसतानाही हजारोंचा जमाव रात्रभर हलवत ठेवणारं हे संगीत आहे. तुमच्या अमित किलमना त्या ढोलाचं गणित बघून आनंद होईल. धरणाची झळ बसलेली गावं याच पट्ट्यातली, आणि इथलीच काही कुटुंबं आता तळोद्याच्या वसाहतींत राहतात. आंदोलनानं खोऱ्यात सुरू केलेल्या जीवनशाळांत शिकून मोठी झालेली पिढी आज तिशी-पस्तिशीत आहे. त्यांना आपल्या नदीचं काय झालं ते कुणी दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

धरणाचं पाणी सौराष्ट्र-कच्छमध्ये पोचलं, तिथल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग झाला, असं म्हणणारा श्रोताही तुमच्या कार्यक्रमाला येणार. खानदेशात गुजरातशी रोटी-बेटीचे, व्यापाराचे संबंध आहेत, त्यामुळे इथे तर नक्कीच येणार. त्याला बोलू द्या. पण त्याच्याही कानावर पडू द्या की 138.68 मीटरची भिंत 17 सप्टेंबर 2017 ला देशाला अर्पण झाली त्या दिवशीही पुनर्वसनाची कागदपत्रं घेऊन फिरणारी कुटुंबं होती. हे ऐकून त्याचं मत बदलेल असं नाही. त्याला एक बाजू कमी ठाऊक होती, ती आता ठाऊक झाली, इतकं झालं तरी पुरे.

तेव्हा आमची मागणी अशी. खानदेशात या, आणि एकट्यानं येऊ नका. एक कार्यक्रम अक्राणी तालुक्यातल्या धडगावला करा, एक धुळ्याला, एक जळगावला. धडगावला तिकीट नको. जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात तिकीट लावा, इथला श्रोता ते देईल, आणि त्या पैशातून धडगावचा खर्च भागवा. होळीच्या आधीचे आठवडे निवडा. तेव्हा भोंगऱ्या बाजार भरतात, कामावर बाहेरगावी गेलेली माणसं गावी परतलेली असतात. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरायचं, तिथून शहादा आणि मग घाट.

कार्यक्रमाचा पहिला भाग पावरा आणि भिल्ल गायक-वादकांचा असावा. तुमची प्रस्तावना म्हणून त्यांना दहा मिनिटं देऊ नका, पुरा भाग द्या, त्यांच्याच भाषेत, त्यांना हवं ते गाऊ द्या. त्यांना होळीची गाणी गायची असतील तर होळीची, धरणाची गायची असतील तर धरणाची, लग्नातली गायची असतील तर तीही. त्यांनी राजकारणच गावं असा आग्रह आपणही धरायचा नाही. दुसऱ्या भागात तुम्ही या आणि 'मा रेवा' दोघांनी मिळून वाजवा. त्याआधी राहुल राम यांनी नेहमीसारखं बोलावं, आणि बोलताना मणिबेली, चिमलखेडी, निमगव्हाण, चिंचखेडी ही नावं घ्यावीत. ही गावं कधीकाळी धुळे जिल्ह्यातलीच होती, असं धुळ्यात उभं राहून सांगावं. विद्यापीठाच्या 'युवारंग'मध्ये पथनाट्य करणारी मुलं जळगावात आहेत. त्यांना समोरच्या रांगेत बसवायची जबाबदारी इथल्या रसिकांची.

जाहिरातीच्या फलकावर धडगावच्या कलावंतांची नावं तुमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा. मानधनही आधी ठरवा आणि कार्यक्रमाच्या दिवशीच हातात द्या, नंतर पाठवतो असं नको. होकार कळला की जागा, राहण्याची सोय आणि गावोगावचे निरोप यांचं काम इथली मंडळी अंगावर घेतील.

आपले,
जळगाव-धुळ्याचे श्रोते